पाणी न लागणारी झाडं

पौषात एका बुधवारी सकाळी माझी बहीण मालती देवळीत वारली. अंघोळ करून ती खुर्चीत बसली आणि उठली नाही. शेजारच्या रंजनावहिनींनी मला चिपळूणला फोन केला. मी पोचलो तेव्हा अंत्यसंस्कार झाले होते. दिवसकार्य उरकून मी परत आलो.

मालती माझ्याहून धाकटी. शिक्षिकेची नोकरी लागली म्हणून वर्धा जिल्ह्यात गेली आणि तिथलीच झाली. लग्न तिथे, नवऱ्याचं आजारपण तिथे, निवृत्तीही तिथेच. मूलबाळ नव्हतं. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आयुष्य काढलं. मला दुःखात काय करावं ते कळत नाही, म्हणून मी वाचतो. ती गेल्यानंतरचे महिने मी बागकामाची पुस्तकं वाचण्यात घालवले. पौषात तिच्या घरापुढचं अंगण वाळत चाललेलं मी पाहिलं होतं. तिथे तिच्या नावाने एक बाग लावावी, आणि ती अशी लावावी की तिला कोणाची गरज पडू नये, असं माझ्या मनाने घेतलं. कोरड्या हवेत, विनापाण्याची, तरीही शोभिवंत राहतील अशी झाडं कोणती, जमीन कशी हवी, मुरूम किती मिसळायचा, हे सगळं मी वाचून काढलं. पावसाळ्यात मला चिपळूण सोडता येत नाही, कारण पुराचं पाणी केव्हा उंबऱ्याला लागेल याचा नेम नसतो. म्हणून वैशाखाच्या तोंडावर, कोणीही शहाणा माणूस विदर्भात जात नाही तेव्हा, मी निघालो.

देवळी

आमच्याकडचा उकाडा अंगाला चिकटतो. इथलं ऊन अंगातलं पाणी काढून घेतं आणि पत्ता लागू देत नाही. बसमधून उतरलो आणि सवयीने छत्री उघडली. रसवंतीच्या सावलीत बसलेली चार माणसं एकदम माझ्याकडे बघू लागली. त्यांच्यातून एक उंच, सावळा माणूस डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला असा पुढे आला.

"पाऊस घेऊन आले का जी कोकणातून?"

हे कुमरे सर. मालतीच्या शाळेत गणित शिकवत, आता तेही निवृत्त. पौषात त्यांनीच सगळी धावपळ केली होती. त्यांनी माझी छत्री मिटवून काखेत मारली, स्वतःच्या पिशवीतून दुसरा दुपट्टा काढला आणि भर रस्त्यात माझ्या डोक्याला बांधला. मुलाला टोपी घालावी तसा. मला संकोच वाटला, पण घरी पोचेपर्यंत त्याचं महत्त्व कळलं.

मालतीला सगळी गल्ली मावशी म्हणायची. त्यामुळे मी आपोआप सगळ्यांचा मामाजी. शिंपिणीच्या दारातून, किराणा दुकानातून, कूलरमध्ये पाणी भरणाऱ्या खिडकीतून 'मामाजी आले' असं ऐकू येत राहिलं. ज्यांची नावंही मला ठाऊक नव्हती, त्यांनी पिण्याचं पाणी आणून दिलं, पन्हं आणून दिलं, रात्रीचं जेवण रंजनावहिनींकडून आलं. त्यांचे यजमान प्रकाशभाऊ यांचं ते किराणा दुकान. वहिनी पन्नाशीच्या, ठसठशीत आवाजाच्या. जेवण ठेवून म्हणाल्या, "लाजू नका जी. मावशीचे भाऊ म्हणजे आमचेच."

अंगणाकडे मी दुसऱ्या दिवशी सकाळी नीट पाहिलं. फाटकापासून ओट्यापर्यंतची जागा, भिंतीलगत मोगऱ्याच्या वाळक्या काड्या, आणि मधोमध विटांची किनार लावलेला एक मोठा वाफा. वाफ्यात काहीही नव्हतं. नुसती काळी माती. गावभर त्या मातीला बोट जाईल एवढ्या भेगा पडलेल्या, पण या वाफ्यात ती ओली होती. ओल्या मातीवर तांदळाचे कण, डाळीची टरफलं, कोथिंबिरीच्या काड्या. तिथे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.

ते कुठून आलं याचा उलगडा लगेच झाला. रंजनावहिनी फाटक ढकलून आत आल्या. हातात स्टीलचा गंज, म्हणजे पातेलं. त्यातलं पांढुरकं पाणी त्यांनी वाफ्यात ओतलं, क्षणभर मातीकडे बघितलं आणि गेल्या. त्यांच्या मागोमाग शिंपीण आली, तिच्या हातात बादली.

मी खिडकीच्या पडद्याआड उभा होतो. मालक नसलेल्या जागेत माणसं काय काय टाकतात हे मी आमच्या ग्रंथालयामागच्या मोकळ्या जागेत पाहिलेलं होतं. इथे तेच चाललं आहे, असं मी ठरवून टाकलं. माझी बहीण जाऊन चार महिने झाले नाहीत तर तिच्या दारात सांडपाणी. रात्री जेवण पाठवणारी हीच बाई. आमच्या घरात राग बोलून दाखवायची पद्धत नाही. आई रागावली की तांदूळ निवडायला बसायची. मी बाजारात गेलो, एक कुलूप आणलं आणि फाटकाला लावलं.

संध्याकाळी वहिनींनी भिंतीवरून विचारलं, "मामाजी, फाटकाले कुलूप लावलं का?"

"हो. बाहेरचं कोणी काही आणून टाकू नये म्हणून."

"बरं केलं. कुत्रे लय झाले इकडे."

मला वाटलं, त्या समजल्या असतील. पण दुसऱ्या दिवशी सकाळीही वाफा ओलाच. सामाईक भिंतीवरून खालपर्यंत पाण्याचा ओला ओघळ होता. आता हे भिंतीवरून फेकू लागले. मी वाफा कधी खणता येईल याचा विचार करू लागलो.

सेलू

झाडं आणायला कुमरे सरांनी आपली जुनी व्हॅन काढली. वर्ध्याहून सेलूकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी निघून गेलेली वावरं, उन्हात पांढरी पडलेली. मधूनच पळसाची झाडं, नव्या पोपटी पानांची. एवढ्या उन्हात ती पालवी कुठल्या पाण्यावर येते हे मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "मले गणित विचारा. झाडाचं झाडाले माहीत."

सेलूला एका टपरीवर त्यांनी मला तर्रीपोहे खाऊ घातले. आमच्या पोह्यांवर ओलं खोबरं असतं. इथे पोह्यांवर तिखटजाळ लाल रस्सा ओततात आणि त्यात हरभरे असतात. दुसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. टपरीवाल्याने न विचारता चिवड्याची वाटी पुढे सरकवली आणि सरांना म्हणाला, "पाहुणे तिकडले दिसतात." सर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

रोपवाटिका रस्त्यालगतच होती. हिरव्या जाळीखाली खाट टाकून मालक पडला होता. मी माझी मागणी सांगितली. शोभेची झाडं, कमी पाण्याची.

"कमी म्हणजे किती कमी जी?"

"पाणी द्यायला कोणी नाही असंच समजा."

तो उठून बसला. "मंग प्लास्टिकची घ्या ना काका. नागपूरले भेटतात. धूळ बसली का फडक्यानं पुसून घ्याची."

"पुसायले बी कोणी नाई, भाऊ," सर म्हणाले.

थट्टा आटोपल्यावर त्याने मनापासून झाडं दाखवली. बोगनवेल, किरमिजी आणि पांढरी. तिथे तिला कागदी फूल म्हणतात. जाड बुंध्याचं अडेनियम, जे बुंध्यातच पाणी साठवून ठेवतं. पिवळ्या फुलांची बिट्टी. मला पाठ असलेली सगळी नावं समोर कुंड्यांत उभी होती, आणि बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदा मला बरं वाटलं. मी प्रत्येकाचं पान बोटांनी चाचपून पाहिलं. जाड पान, मेणचट पान, लव असलेलं पान. पाणी धरून ठेवायच्या या सगळ्या युक्त्या मी वाचलेल्या होत्या. मोगऱ्याच्या रोपांपाशी सर थांबले. "मॅडमले मोगरा आवडे." मी नको म्हणालो, कारण मोगऱ्याला पाणी लागतं.

गाडीत रोपं चढवताना मालक म्हणाला, "पण काका, हेले बी पहिला उन्हाळा पाजा लागन. झाड हाय, दगड नाई."

"महिन्या-दीड महिन्यात पाऊस येईलच," मी म्हणालो.

परत येताना सरांनी विचारलं, "एवढे कुठं लावणार?"

"पुढच्या अंगणात. मधल्या वाफ्यात."

"जागा हाय का तिथं?"

"आहे की. सगळा वाफा रिकामाच तर आहे."

सरांनी स्टिअरिंगवर हात मारला आणि मोठ्याने हसले. "शोभता खरे मॅडमचे भाऊ! त्याबी असंच म्हनत." मला ते कौतुक वाटलं. विनोद काय झाला ते कळलं नाही, पण मीही हसलो. तेव्हा विचारलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

अल्लीपूर

घायपाताची रोपं विकत घ्यायची गरज नाही, असं सरांचं म्हणणं. अल्लीपूरला त्यांच्या आईच्या घराला घायपाताचंच कुंपण होतं. म्हणून आम्ही तिकडे गेलो.

सरांची आई सकाळच्या उन्हातच बाहेर बसली होती. ती घरात गोंडीच बोलते. मराठी तिला समजते, पण बोलायचा कंटाळा. सर मध्ये बसून दोन्हीकडचं सांगत होते. तिने आधी माझा हात हातात घेतला, तोंडाकडे पाहिलं आणि काहीतरी म्हणाली.

"ती म्हणते, तुमचं तोंड बहिणीसारखं नाई. बहीण हसे."

आम्हाला ज्वारीची भाकर, झुणका आणि भाजलेली मोहफुलं मिळाली. मोहफुलं मी आयुष्यात पहिल्यांदा खाल्ली. मनुकेसारखी गोड आणि धुरकट. आमच्याकडे फणसाचे गरे वाळवतात तशी ती इथे वर्षभर पुरवतात. मालती सुटीत इथे येऊन राहायची, हे मला तिथे कळलं. ती ज्या खाटेवर झोपायची ती खाट मला दाखवण्यात आली. मी तिच्यावर बसलो नाही.

कुंपणातली घायपाताची पिल्लं, म्हणजे बुडाशी फुटलेली रोपं, काढताना माझ्या अंगठ्यात काटा गेला. म्हातारीने हळद लावून दिली आणि हळद लावता लावता विचारलं, ते सरांनी सांगितलं, "म्हणते, बाईच्या अंगनात आता पानी कोन टाकते?"

मी म्हणालो, "कोणी टाकू नये, म्हणूनच ही झाडं लावतोय. यांना पाणी लागत नाही. कोणाला जाण्या-येण्याचा त्रास नाही."

सरांनी ते गोंडीत सांगितलं. म्हातारीने माझा अंगठा सोडला. मग एक वाक्य बोलली.

"काय म्हणाल्या?"

"काई नाई," सर म्हणाले. "चला, ऊन चढते."

पुन्हा देवळी

हिंगणघाटला प्रकाशभाऊंच्या पुतणीचं लग्न होतं. गल्लीच्या गल्ली दोन दिवसांसाठी तिकडे जाणार होती. मलाही आग्रह झाला. सुतकाचं वर्ष आहे असं सांगून मी सुटका करून घेतली. खरं म्हणजे मला रिकामी गल्ली हवी होती. आल्यावर सगळ्यांना हिरवं, फुललेलं अंगण दिसेल, आणि तिथे सांडपाणी टाकायची कोणाला इच्छा होणार नाही, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे होतं. सरही लग्नाला गेले.

मी चौकातून दोन मजूर आणले. काळी माती पाणी धरते आणि अशा झाडांची मुळं त्यात कुजतात, हे पुस्तकात ठळक लिहिलेलं होतं. म्हणून वाफ्यातली माती गुडघाभर काढून त्या जागी मुरूम आणि वाळू भरायची होती. खणायला सुरुवात झाली आणि थोड्या वेळात एकाने हाक मारली.

"काका, हे आलं लावलं होतं का इथं?"

त्याच्या हातात आल्यासारखा गड्डा होता. त्याला मुळं लोंबत होती आणि मुळांच्या टोकांना बोराएवढ्या गाठी. मी चष्मा पुसून पाहिलं. मुळांवर गाठी आणणाऱ्या सूक्ष्म किड्यांबद्दल मी नुकतंच वाचलं होतं. असा रोग लागला की सगळी मातीच बदलावी लागते.

"रोग आहे हा," मी म्हणालो. "एकही ठेवू नका. माती सगळी लांब नेऊन टाका."

"सारा वाफाच भरला हाय, काका. आन् कोंब बी हायत याले."

"टाका."

संध्याकाळपर्यंत ती माती ट्रॉलीत भरून गेली. बायपासजवळ कोणाच्या तरी प्लॉटवर भरावाला हवीच होती, असं ते म्हणाले. मुरूम भरला. मधोमध घायपात, दोन बाजूंना अडेनियम, भिंतीशी बिट्टी, फाटकाच्या कमानीपाशी बोगनवेल. सगळं झाल्यावर मी ओट्यावर मालतीच्या खुर्चीत बसून पाहिलं. सुरेख दिसत होतं. आजवर तिच्यासाठी मी हातांनी काही केलं असेल तर ते हेच, असं वाटून मला पहिल्यांदा रडू आलं.

अक्षयतृतीया

लग्नाची मंडळी रात्री उशिरा परतली. सकाळी फाटक वाजलं. रंजनावहिनी होत्या, कडेवर मातीची नवी घागर. मागे शिंपीण, तिच्या हातात खरबूज आणि गव्हाने भरलेलं सूप. आणखी दोघी-तिघी आणि कुमरे सर.

विदर्भात अक्षयतृतीयेला, ते लोक अखाजी म्हणतात, गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात. गव्हाच्या राशीवर पाण्याची घागर, तिच्या तोंडावर आंबा किंवा खरबूज. वैशाखात मृताला पाणी मिळावं म्हणून. गेल्यानंतरची ही मालतीची पहिली अखाजी. मला काही ठाऊक नसणार हे ओळखून गल्लीने सगळी तयारी आपणच केली होती.

मी कुलूप काढलं. वहिनी आत दोन पावलं आल्या आणि थांबल्या. घागर कडेवरच.

"मामाजी, फुलं कुठी हायत?"

"ही काय," मी बोगनवेलीकडे हात केला.

"हे नाई जी. मावशीचे. भुईचाफा."

माझा हात बोगनवेलीकडेच राहिला. त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही.

"वाफ्यातला भुईचाफा. तुमच्याच घरचा ना तो? तुमच्या आईच्या हातचे गड्डे मावशीनं चिपळूणवरून आनले होते. पावसाळ्यात पानं असतात, मंग गायब. मावशी हसून म्हने, वाफा तं रिकामाच हाय. अखाजीच्या टाइमाले नुसत्या मातीतून फूल निघते. दरवर्षी घागरीवर ठेवाले मावशी घरोघरी एक एक देत जाय. यंदा तिच्याच घागरीवर ठेवाचं होतं."

भुईचाफा मला माहीत होता. लहानपणी, याच दिवसांत, माझ्या पुस्तकांच्या फळीवर आई पितळेच्या वाटीत एक फूल ठेवायची. पांढरं, आत जांभळं. खोलीभर वास यायचा. ते फूल परसात कुठून येतं, हे मी कधी बाहेर जाऊन पाहिलं नव्हतं.

"आमी तं रोज पानी टाकून राह्यलो होतो," शिंपीण म्हणाली. "मावशी म्हने, होळी झाली का थोडं थोडं टाकत जा. नळ तं तीन दिवसांनी येते. तांदळाचं, डाळीचं, भाजी धुतलेलं, जे निघन ते वाचवून ठेवो. तुमी कुलूप लावलं, तं भिंतीवरून टाकलं."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "तुमाले दिसलं नाई का जी, आमी काय करून राह्यलो ते?"

नाही म्हणता आलं असतं. त्या बाईने ते मान्यही केलं असतं.

"दिसलं," मी म्हणालो. "मला वाटलं, तुम्ही सांडपाणी टाकता."

शिंपीण हसली. मग तिला कळलं की मी थट्टा करत नाही, आणि तिने हातातलं सूप खाली ठेवलं.

"मावशीच्या अंगनात?" वहिनी म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या.

ओट्यावर गहू मांडले गेले. घागर ठेवली, तिला दोरा गुंडाळला, खरबूज ठेवलं. माझ्याकडून हळदकुंकू वाहवलं.  मग वहिनी उठल्या, फाटकाशी गेल्या आणि बोगनवेलीचं एक किरमिजी फूल तोडून आणलं. घागरीच्या गळ्याशी ठेवत म्हणाल्या, "आज हेच." त्या फुलाला वास नसतो. वाऱ्याने ते दोनदा खाली पडलं. दोन्ही वेळा त्यांनी उचलून ठेवलं.

घागरीचं पाणी वाफ्यात ओतायचं ठरलेलं होतं. तसं ते ओतलं. मुरमात पाणी थांबत नाही. बघता बघता ते दिसेनासं झालं आणि वरचा मुरूम लगेच कोरडा दिसू लागला. पुस्तकात असंच लिहिलं होतं.

दुपारी पुरणपोळी, आमरस आणि कुरडयांचं ताट आलं. ताट आणणारं दुसरंच कोणीतरी होतं.

बायपास

चार वाजता कुमरे सर व्हॅन घेऊन आले. म्हणाले, "चला." त्यांनी मला दुपट्टा बांधून दिला नाही, माझा मीच बांधला.

प्लॉटवर माती पसरून झाली होती. वरून ट्रॅक्टर फिरलेला. आम्ही दोघे म्हातारे गुडघ्यांवर बसून हातांनी ढेकळं फोडू लागलो. माती भाजत होती. प्लॉटचा मालक मोटारसायकल थांबवून बघू लागला.

"सोनं हरवलं का जी, सर?"

"हाव," सर म्हणाले. "बस खाली. शोधायले लाग."

तो खरोखरच बसला. दिवस मावळेपर्यंत तिघांनी शोधलं. बहुतेक गड्डे चिरडलेले, उरलेले उन्हाने सुकलेले. एका चिरडलेल्या गड्ड्याला कळी होती, बोटाएवढी, पांढरी, टोकाला जांभळी. मी ती रुमालात घेतली. धड म्हणावेत असे ओंजळभरही मिळाले नाहीत.

परत येताना मी विचारलं, "तुमच्या आई त्या दिवशी काय म्हणाल्या होत्या?"

 देवळीची वेस आली तेव्हा सर म्हणाले, "म्हणे, पानी टाकाचं नाई, तं त्या घरी कोनी कायले जाईन?"

गल्लीत सगळे ओट्यांवर बसले होते. मी रुमाल सोडून दाखवला आणि म्हणालो की सकाळी मी हे वाफ्यात परत लावतो. काळी माती परत आणतो. वहिनींनी माझ्या हातातून रुमाल घेतला.

"राहू द्या जी, मामाजी. आमी लावतो आमच्या घरी."

प्रत्येक घराने एकेक गड्डा नेला. कोणी माझ्याकडे बघितलं नाही, आणि कोणी मला टाकूनही बोललं नाही. उलट दुसऱ्या दिवशी निघताना प्रवासासाठी पोळ्या बांधून आल्या. तिथे पाहुण्याला निरोप देताना 'येजा' म्हणतात. पौषात सगळी गल्ली म्हणाली होती. या वेळी सरांनी म्हटलं, बसस्टँडवर, छत्री माझ्या हातात देताना. "येजा जी. पुढच्या अखाजीले येजा."

चिपळूण

परत येऊन काही महिने झाले. कुमरे सरांचा अधूनमधून फोन येतो. पाऊस सुरू झाल्यावर त्यांनी सांगितलं की शिंपिणीकडचा गड्डा सडला, इतर घरांत काही आलं नाही, पण रंजनावहिनींच्या कुंडीत एक पान निघालं आहे. फूल येईल की नाही ते पुढच्या वैशाखात कळेल. मी वहिनींशी बोलायचा दोनदा प्रयत्न केला. फोन प्रकाशभाऊ घेतात आणि दुकानात गर्दी आहे म्हणतात.

फाटकाचं कुलूप मी काढून आणलं. ते माझ्या टेबलावर आहे.

यंदा पाऊस लवकर आला, आणि सर सांगतात, मी लावलेली झाडं सगळी जगली. बोगनवेल कमानीवर चढली आहे, घायपाताला नवी पिल्लं फुटली आहेत. त्यांना पाणी लागत नाही. मालतीच्या अंगणात आता कोणी जात नाही.